तिसरा डबा कुठं गेला? बिनकागदी जिओकॅशिंगचं एक प्रकरण

प्रकरण मागच्या जानेवारीतलं. यवतमाळ जिल्हा, कळंब तालुका, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण शाळेच्या पोरांच्या खेळासाठी शिवारात लपवलेले डबे अजून तिथंच आहेत अन् शाळेला उगाच त्रास नको. माझं तालुक्याच्या गावी मोबाईल रिपेरिंग अन् ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, भूगोलाचे सर माझे जुने गिऱ्हाईक, त्यांच्यापायी मी यात पडलो.

१४ जानेवारीला आपल्याकडं भूगोल दिन असतो, प्राध्यापक चं. धुं. देशपांडे यांच्या जन्मदिवसाचा, पण त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी संक्रांत पडते त्यामुळं भूगोल बिचारा दरवर्षी तिळगुळाखाली दबून जातो. सरांनी दोन वर्षांपूर्वी पोरांसाठी शिवारात खजिना शोध ठेवला होता, सात ठिकाणं, प्रत्येक टोळीला सात झेरॉक्स. जानेवारीतली सकाळ, तुरीत गुडघ्याएवढं दव, अर्ध्या तासात कागदांचा लगदा. एका टोळीचं चौथं पान वाऱ्यानं उडालं ते कुणाच्या तरी वावरात गेलं, दुसऱ्या टोळीनं तिसऱ्या टोळीची पानं पळवली, अन् शेवटी सगळेजण एकामागं एक रांगेत फिरले. तेव्हा सर म्हणाले होते पुढच्या वेळी कागद नको, मोबाईलात काही होते का पाय ना गा.

माझा एक मावसभाऊ पुण्यात असतो, त्याला जिओकॅशिंगचा नाद आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कुणीतरी एक डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं, बाकीचे जीपीएस घेऊन शोधतात, सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची अन् डबा होता तसा ठेवायचा. याची सुरुवात मजेशीर आहे. अमेरिकन सरकार साध्या लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायचं, ती त्यांनी २ मे २००० ला बंद केली, म्हणजे आधी शंभर मीटरपर्यंत इकडंतिकडं दाखवणारं यंत्र रातोरात दहा-वीस मीटरवर आलं, अन् दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं एक बादली रानात ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. तिथून हे सुरू झालं.

आता यातलं 'बिनकागदी' म्हणजे काय, कारण डब्यातली वही तर कागदाचीच असते. पूर्वीच्या जीपीएस यंत्रात फक्त आकडे अन् छोटं नाव मावायचं, बाकी डब्याचं वर्णन, इशारा, आधी येऊन गेलेल्यांचे शेरे, हे सगळं लोक प्रिंट काढून न्यायचे, पन्नास डबे शोधायचे तर पन्नास पानं. मग काडीनं टिचकायचे पामचे पीडीए, म्हणजे खिशातले छोटे कॉम्प्युटर आले, त्यात कॅशमेटसारखी सॉफ्टवेअरं, एका खिशात जीपीएस दुसऱ्या खिशात पीडीए. २००८ च्या आसपास गार्मिन कंपनीच्या कोलोराडो यंत्रानं अन् नंतर ओरेगॉननं (यंत्राचं पण नाव ओरेगॉनच) दोन्ही एकात आणलं, अन् २०११ ला जे ईट्रेक्स १०, २०, ३० आले त्यातल्या सगळ्यात स्वस्त १० लाही हे जमायला लागलं. यामागं जादू काही नाही, फाइलीचा फरक आहे. एलओसी फाइलीत नाव अन् आकडे एवढंच असतं, जीपीएक्समध्ये वर्णन, इशारा, अवघडपणा, शेवटचे शेरे सगळं असतं. जिओकॅशिंगच्या वेबसाइटवर पैसे भरलेल्या मेंबरला पॉकेट क्वेरी म्हणून सोय आहे, एका फटक्यात हजार डब्यांची जीपीएक्स मिळते, ती यंत्रात टाकली की नेट असो नसो.

आम्हाला वेबसाइटवर डबे टाकायचेच नव्हते. तिथं नियम असतात, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर पाहिजे, जागा ज्याची त्याची परवानगी पाहिजे, खड्डा करून पुरायचं नाही, अन् टाकण्याआधी माणूस तपासतो. आम्ही नियम पाळले पण फाइल घरचीच बनवली, शाळेपुरती.

सामान असं होतं. मावसभावानं कुरिअरनं पाठवलेले दोन जुने ईट्रेक्स, एक २० अन् एक १०. सी-जिओ नावाचं फुकट अॅप टाकलेले चार अँड्रॉइड मोबाईल, त्यातले दोन सरांचे अन् पीटीच्या सरांचे, एक माझा, एक दुकानात दुरुस्तीला आलेला पण गिऱ्हाईक आठ दिवस फिरकला नव्हता तो (त्याला नंतर सांगितलं, तो हसला). सहा टोळ्या, सातवी-आठवीची अठ्ठावीस पोरं, सात डबे. डबे म्हणजे झाकणाच्या प्लास्टिक बरण्या, वरून 'शाळेचा खेळ आहे, हात लावू नये' असं मार्करनं लिहिलेलं, आत वही, पेन्सिल अन् तिळगूळ.

जंगलाच्या बाजूला एकही डबा ठेवायचा नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. राळेगाव आमच्या शेजारीच, २०१८ च्या नोव्हेंबरात अवनी वाघीण मारली गेली ती तिकडंच, तेव्हाचं आयाबायांच्या मनातून अजून गेलेलं नाही. तेव्हा गावठाण, पांदण, नाला, शाळेमागचा कडुनिंब, जुनी विहीर (तीही कठडा असलेली), एवढ्यातच सगळं.

फाइल बनवायला जीसॅक वापरलं. पूर्ण नाव जिओकॅशिंग स्विस आर्मी नाइफ, विंडोजवर चालतं, पूर्वी विकत होतं आता फुकट मिळतं. दिसायला जुनाट, एक्सेलच्या पानासारखं, पण कामाला वाघ. आपलेच सात डबे त्यात टाइप करायचे, प्रकार 'कॅश' (म्हणजे लपवलेला डबा) असा लावायचा, वर्णन अन् इशारा लिहायचा अन् जीपीएक्स काढायची. प्रकार लावणं महत्त्वाचं, नाहीतर ईट्रेक्स त्याला साधा निळा झेंडा समजतं अन् वर्णन-इशाऱ्याचं पान उघडतच नाही, यात माझी एक रात्र गेली. फाइल यंत्रातल्या गार्मिन फोल्डरमधल्या जीपीएक्स फोल्डरात टाकली की झालं. मोबाईलवाल्यांना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली, तिथं नवीन भानगड, फाइलवर बोट ठेवलं की ती भलत्याच मॅपच्या अॅपमध्ये उघडायची. शेवटी सी-जिओ उघडून त्याच्या आतूनच इम्पोर्ट केली. ऑफलाइन नकाशा पण आदल्या रात्रीच उतरवून ठेवला, ओपनस्ट्रीटमॅपवाला, कारण शिवारात एकाच कंपनीचा टॉवर लागतो तोही पाण्याच्या टाकीवर चढलं तर.

मराठीनं मात्र दोन ठिकाणी अडवलं. एक, माझ्या दोन्ही ईट्रेक्सवर देवनागरी उमटलीच नाही, त्यामुळं त्या दोन टोळ्यांसाठी वर्णन इंग्रजी अक्षरांत मराठी असं लिहावं लागलं. दुसरी गंमत इशाऱ्याची. जिओकॅशिंगमध्ये इशारा उलटवून दाखवतात, आरओटी-१३ म्हणतात त्याला, इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढं सरकवायचं, म्हणजे ज्याला नको त्याच्या नजरेला चुकून पडत नाही अन् हवा त्यानं टिचकी मारली की सरळ होतो. देवनागरीला हे काही करतच नाही! मोबाईलवर आमचे सगळे इशारे पहिल्यापासून उघडे, शोधायला काय राहिलं मग. तेव्हा पीटीच्या सरांनी डोकं चालवलं, इशारे च-भाषेत लिहा म्हणाले. लहानपणी सगळेच बोललेत ती, शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं अन् पुढं च लावायचा. तिसऱ्या डब्याचा इशारा झाला 'चऱ्यावरधु चवराखालीहि', म्हणजे धुऱ्यावर, हिवराखाली. पोट्ट्यांना ते सोडवायला अर्धा मिनिट लागला अन् आनंद मात्र आरओटी-१३ पेक्षा जास्त झाला, हा इशारा पुढं फार कामाचा निघणार होता, निघाला असता, ऐकलं असतं तर.

दिवस संक्रांतीनंतरचा शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर साडेदहाला सुरुवात. आदल्या संध्याकाळी भूगोलाच्या सरांना तालुक्याला ट्रेनिंगची ऑर्डर आली. म्हणजे ज्या माणसानं हे सगळं मांडलं तोच माणूस त्या दिवशी एका हॉलमध्ये पंख्याखाली बसून. मोबाईल त्यांनी माझ्याकडं देऊन ठेवला. उरलो मी अन् पीटीचे सर.

झेंडावंदनाच्या खांबाजवळ सगळे जमले अन् पहिली वीस मिनिटं तिथंच गेली. ईट्रेक्स १० ड्रॉवरमध्ये वर्षभर पडून होता, त्याला आपण कुठं आहोत तेच कळेना. पोरं म्हणे बिघडला. बिघडला नव्हता, उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगानं सांगतो, त्याचा स्वतःचा नेमका पत्ता ३० सेकंदांचा अन् सगळ्या उपग्रहांचं मिळून वेळापत्रक पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. मोबाईल हेच नेटवरून ओढून घेतो म्हणून त्याला झटपट सापडतं, अन् नेट नसलं की तोही थोडा बावचळतो पण चालतो. इथं एका पालकाशी माझी हुज्जत झाली, ते म्हणे नेट नाही तं जीपीएस कसं चालन. फ्लाइट मोड लावून दाखवलं, बाण हलत होता. पोलीस पाटील पण आले होते, त्यांचा प्रश्न वेगळा, हे सॅटेलाइटचं यंत्र आहे तर याला लायसन लागत नाही का. प्रश्न बरोबर आहे हो, ज्यातून उपग्रहावरून मेसेज पाठवता येतो ती यंत्रं, गार्मिनचं इनरीच वगैरे, आपल्याकडं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. ईट्रेक्स २० अन् १० मात्र नुसतं ऐकतात, रेडिओसारखे, बोलत नाहीत. पाटलांना पटलं, मग त्यांनी तिळगूळ मागितला.

चार टोळ्या निघाल्या, दोन निघायच्या होत्या, तेवढ्यात आठवीतला एक उंच पोट्टा मोबाईल घेऊन आला.

'भाऊ, पाचवा डबा चाळीस किलोमीटर दाखवून रायला.'

'काय?'

'वर्ध्याकडं जा म्हणते. बस पकडा लागते का आता?'

पाहिलं तर खरंच, बाण ईशान्येला अन् चाळीस किलोमीटर. हे माझंच पाप होतं अन् लगेच कळलं. आकडे इथं थोडे बदलून लिहितो पण हिशेब तोच. पाचव्या डब्याची जागा दुसऱ्या एका सरांनी गूगल मॅपवरून व्हॉट्सअॅपला पाठवली होती, २०.४५१२ अन् ७८.३२७४. गूगल अंशाचा दशांश देतो, जिओकॅशिंगवाले अंश अन् मिनिटाचा दशांश वापरतात. खरं रूपांतर असं, .४५१२ गुणिले ६० म्हणजे २७.०७२ मिनिटं, तेव्हा उत्तर २० अंश २७.०७२, पूर्व ७८ अंश १९.६४४. मी रात्री एक वाजता, दिवसभर फॉर्म भरून डोळे तांबडे झालेले, सरळ २० अंश ४५.१२ अन् ७८ अंश ३२.७४ टाइप करून मोकळा झालो. गणित करून पाहा, ती जागा वर्ध्याच्या वेशीवर पडते. जीसॅकमध्ये मध्यबिंदू शाळा ठेवून अंतराच्या रकान्यावर एक क्लिक केली असती तर ४० चा आकडा सगळ्यात खाली उघडा पडला असता, पण ती क्लिक केली नाही.

दोन टोळ्यांची यंत्रं तिथंच दुरुस्त केली. गेलेल्या चार टोळ्यांना कळवायचं कसं, फोन लागेना. मग सातवीतल्या एका पोराला सायकलवर पिटाळलं, हातात चिठ्ठी. कागदाची चिठ्ठी. पीटीचे सर माझ्याकडं पाहून काही बोलले नाहीत हा त्यांचा मोठेपणा.

आता मुख्य भानगड, तिसरा डबा. पाचव्याच्या चुकीनं दहा मिनिटं गेली, तिसऱ्यानं सगळ्यांचा मिळून दिवस खाल्ला, अन् मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते याच फरकासाठी. चाळीस किलोमीटरची चूक सातवीतलं पोरगंही ओळखतं. तीनशे मीटरची चूक कुणाला दिसत नाही, कारण ती आपल्याच गावात असते, आपल्याच नाल्याजवळ, तिथं जाता येतं, तिथं गेलं की यंत्र म्हणतं पोचलात.

मी तिसऱ्याकडं गेलो तेव्हा तिथं आधीच दोन टोळ्या होत्या. कापणीला आलेली तूर, मधून एक धुरा, दोन बाभळी. पोरं धुऱ्याचा दगड न् दगड उलटवत होती, बाभळीच्या काट्यांत हात घालत होती. यंत्र तीन मीटर म्हणत होतं, दुसरं यंत्र चार. पंधरा मिनिटं झाली, तिसरी टोळी आली, चौथी आली, आता वीस जण एका वावरात. तेवढ्यात सालदार ओरडत आला, 'अबे तुरीतून काहून हिंडून रायले बे! शेंगा झडते ना!' त्याची माफी मागितली, पोरांना धुऱ्यावर घेतलं.

अन् इथं एक पोट्टी, आठवीतली, टोळीत सगळ्यात मागं होती ती म्हणाली, 'सर, पण इथं हिवर कुठं हाय? ह्या तं बाभळी आहेत.'

पीटीच्या सरांनी मान वर करून पाहिलं, मी पण पाहिलं. हिवर नव्हता. हिवराचं खोड पांढुरकं असतं, दुरून ओळखू येतं, विदर्भातल्या पोराला हिवर अन् बाभूळ सांगायला पुस्तक लागत नाही. तरी मी काय म्हटलं माहितीये? 'अगं सरांनी घाईत लिहिलं असन, यंत्र तीन मीटर दाखवते ना, इथंच पाय.' सहाच्या सहा यंत्रांनी एकच जागा दाखवली म्हणजे ती बरोबरच असणार असं मला वाटलं. सहा यंत्रांत फाइल एकच होती हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. एकच चुकीचा साक्षीदार सहा तोंडांनी बोलत होता.

मधल्या काळात ईट्रेक्स १० ढोरांच्या हौदात पडला. अर्धा फूट पाणी, वर शेवाळ. काढला, पुसला, चालू. तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो असं त्याच्या रेटिंगमध्ये असतं, ते खरं निघालं. मोबाईल पडला असता तर माझ्याच दुकानात आला असता.

दीडला खेळ थांबवला. बाकीचे डबे बहुतेक टोळ्यांना सापडले, तिसरा सहापैकी एकालाही नाही. बेचाळीसपैकी एकतीस. पोरं थकली पण खुश होती, आम्ही दोघं मात्र डबा चोरीला गेला असं गृहीत धरून बसलो होतो.

संध्याकाळी पाचला शाळेत एक कास्तकार आले, काकाच म्हणतो, हातात आमची बरणी. 'मास्तर, हा तुमचा का? माया धुऱ्यावर हिवराखाली होता. काय लिवलं ते चष्मा नव्हता म्हणून वाचलं नाही. तिळगूळ होता, दोन खाल्ले, बाकी तसेच हायेत.' त्यांचं वावर नाल्याच्या पलीकडं. हिवर खरा होता, इशारा खरा होता, पोट्टी खरी होती.

रविवारी दुकान बंद ठेवून बसलो. आधी संशयित बाजूला काढले. पीटीच्या सरांचं म्हणणं स्वस्त मोबाईल दगा देतात. ईट्रेक्समध्ये गार्मिन फोल्डरात जिओकॅश-व्हिजिट्स नावाची टेक्स्ट फाइल असते, कोणत्या डब्यावर किती वाजता 'सापडला' किंवा 'सापडला नाही' दाबलं त्याची नोंद, खरं तर ती नंतर वेबसाइटवर शेरे टाकायला असते, कागदावर टिपायला नको म्हणून. (जुन्या एडिटरात उघडली तर प्रत्येक अक्षरामागं मोकळी जागा दिसते, घाबरू नका, ती यूटीएफ-१६ नावाच्या पद्धतीत साठवलेली असते.) ती काढली, मोबाईलचे ट्रॅक काढले, सगळे नकाशावर एकावर एक टाकले. सहाही रेघा त्याच तुरीच्या वावरात, पाच-सात मीटरच्या आत गोळा झालेल्या. म्हणजे महागडं काय अन् जुनं काय, प्रत्येक यंत्रानं दिलेल्या आकड्यावर माणसाला बरोबर नेऊन सोडलं होतं. चुकला होता तो आकडा.

सोमवारी सर आले, डायरी घेऊन. बाकी पाच डबे मी स्वतः ईट्रेक्सनं जागेवर नोंदवले होते, पाचवा गूगलवरून, अन् तिसरा सरांनी एकट्यानं जाऊन ठेवला होता, त्यांच्या मोबाईलमधल्या एका कंपासच्या अॅपमध्ये आकडे पाहून डायरीत लिहिले होते. डायरीतली ओळ अशी, २०-२७-१५०, ७८-१९-२१०.

मी ते वाचलं २० अंश २७.१५० मिनिटं, ७८ अंश १९.२१०. दुसरं काही वाचायचं कारणच नव्हतं, माझ्या बाकी सगळ्या ओळी तशाच तीन आकडी शेपटीच्या होत्या. सरांच्या अॅपनं दाखवलं होतं २० अंश २७ मिनिटं १५.० सेकंद, ७८ अंश १९ मिनिटं २१.० सेकंद. पंधराच्या पुढचा टिंब डायरीत उतरलाच नाही. १५ सेकंद म्हणजे पाव मिनिट, खरा आकडा २७.२५०. एकवीस सेकंद म्हणजे .३५०. उत्तरेकडं ०.१ मिनिटाचा फरक, म्हणजे साधारण १८५ मीटर, पूर्वेकडं ०.१४ मिनिट, म्हणजे २४० च्या वर, दोन्ही मिळून तिरकं अंतर तीनशे मीटर. नाल्याच्या अलीकडं तूर, पलीकडं हिवर. ओपनस्ट्रीटमॅपवर आमचा नाला काढलेलाच नव्हता, त्यामुळं पडद्यावर पाहून कुणाला शंका यायचंही कारण नाही.

या चुकीचा स्वभाव पाहा, सेकंद साठाच्या आतच असतात त्यामुळं ते मिनिटाच्या दशांशासारखे वाचले तर आकडा कधीच बेकायदा दिसत नाही, कुठलंही सॉफ्टवेअर लाल करत नाही, अन् फरक फार तर एक किलोमीटरचा, तोही क्वचित. अन् आम्ही कागद कागद म्हणून ओरडत होतो, सगळ्या साखळीत एकच कागद उरला होता, सरांच्या डायरीतली एक ओळ.

सरांनी वर्गात फळ्यावर हे जसंच्या तसं मांडलं, स्वतःची डायरी दाखवून, अन् त्या पोट्टीला पुढं बोलावलं. मी पण होतो तिथं, तिला सॉरी म्हटलं, ती लाजून हसली अन् म्हणाली, 'हिवर नसते तिथं तं नसते ना भाऊ.'

फेब्रुवारीत दुसरा खेळ ठेवला. सगळ्या यंत्रांची अन् अॅपची सेटिंग एकच केली, अंश अन् मिनिटाचा दशांश. आकडा हातानं उतरवायचाच नाही, जागेवर उभं राहून ईट्रेक्स २० मध्ये नोंदवायचा, त्यात सरासरी काढायची सोय आहे ती वापरायची, अन् तिथूनच फाइल. जीसॅकमध्ये अंतराचा रकाना, नंतर उपग्रहाच्या फोटोवर सातही ठिपके टाकून डोळ्यांनी पाहणं. अन् ज्यानं डबा ठेवला नाही अशा माणसानं आदल्या दिवशी फक्त यंत्र घेऊन जाऊन येणं, हे सगळ्यात कंटाळवाणं अन् सगळ्यात उपयोगी, यात सहावा डबा पकडला गेला, आकडा बरोबर होता पण इशाऱ्यातलं झाड मधल्या काळात कुणीतरी सरपणाला तोडलं होतं. त्या दिवशी बेचाळीसपैकी एकोणचाळीस सापडले.

लोक विचारतात ईट्रेक्स घ्यायचा का. पैसे खर्चून नका घेऊ, घरात अँड्रॉइड असेल तर सी-जिओ अन् ऑफलाइन नकाशा पुरतो. कुणी जुना दिला तर मात्र सोडू नका, दोन साध्या सेलवर ईट्रेक्स २० पंचवीस तास चालतो असं कंपनी सांगते, आमच्याकडं दोन्ही खेळ एकाच जोडीवर झाले, उन्हात पडदा दिसतो, अन् पोराच्या हातात निर्धास्त देता येतो. देवनागरीचं अजून जमलेलं नाही, मावसभाऊ म्हणतो फॉन्टची काही खटपट करता येते, मी हात घातला नाही.

सरांशी एका गोष्टीवर अजून वाद आहे. त्यांचं म्हणणं पुढच्या वर्षी एका डब्याचे आकडे मुद्दाम तीन वेगवेगळ्या पद्धतीत द्यायचे, पोरांनी गणित करून आणायचं. मी म्हणतो द्या, पण नाल्याच्या पलीकडच्या काकांची तूर त्याआधी निघू द्या. तिसरा डबा काकांच्या परवानगीनं परत त्याच हिवराखाली ठेवलाय, वहीत पहिलं नाव त्यांचंच आहे, चष्मा लावून लिहिलेलं. दोन्ही ईट्रेक्समधले सेल काढून ठेवलेत, ड्रॉवरमध्ये फुटू नयेत म्हणून.